सोशल मीडियावरच्या किती पोस्ट खरंच कामाच्या असतात? आकडे काय सांगतात?

सकाळी फोन हातात घेतला की फॅमिली ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या इमेज दिसतात. मग सोसायटीच्या ग्रुपवर आज पाणी उशिरा येणार असल्याचा मेसेज, फेसबुकवर कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो, इन्स्टाग्रामवर रील्स आणि एक्सवर तीन दिवस चाललेला एखादा वाद. अर्ध्या तासाने फोन खाली ठेवताना, यातलं कामाचं नेमकं काय होतं, असा प्रश्न अनेकांना पडतो.

हा प्रश्न संशोधकांनाही पडला आणि त्यांनी तो चक्क मोजून पाहिला. त्यातून काय हाती लागलं, ते समजून घेऊया.

पहिली मोजणी: ४० टक्के 'निरर्थक बडबड'

२००९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या पेअर ॲनालिटिक्स या कंपनीने दोन आठवड्यांत २,००० इंग्रजी ट्वीट्स गोळा केली आणि त्यांचे सहा गट पाडले. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, तेव्हा तसं नवंच होतं.

निकाल असा आला: ४०.५५ टक्के ट्वीट्स 'निरर्थक बडबड' या गटात गेली. 'मी आता सँडविच खातोय' अशा छापाची ही ट्वीट्स. ३७.५५ टक्के ट्वीट्स म्हणजे लोकांच्या आपसातल्या गप्पा होत्या. दुसऱ्यांना पाठवावी अशी माहिती ८.७ टक्के ट्वीट्समध्ये होती, तर बातम्या होत्या फक्त ३.६ टक्के. उरलेल्यात कंपन्यांची जाहिरातबाजी आणि स्पॅम.

या अहवालावर बरीच चर्चा झाली आणि टीकाही. सोशल मीडियाच्या अभ्यासक डॅना बॉइड यांचा आक्षेप 'निरर्थक' या शब्दालाच होता. जवळची माणसं काय करतायत, काय खातायत, कशी आहेत, हे कळत राहण्यातून नाती टिकतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा मुद्दा नवा नाही. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसांचं बरंचसं बोलणं माहिती देण्यासाठी नसतं, संबंध राखण्यासाठी असतं. 'काय, जेवण झालं का?' किंवा 'कुठे निघालात?' असं विचारणाऱ्याला खरंच तपशील हवा असतो, असं थोडंच आहे? गावी एकट्या राहणाऱ्या आत्याचा 'शुभ सकाळ'चा मेसेज आला, म्हणजे आत्या ठीक आहे, एवढं तरी कळतं.

अर्थात, त्याचा भार फोनवर पडतोच. भारतीयांच्या फोनमधली जागा अशा इमेजनी भरून जाते, हे लक्षात घेऊन गुगलने २०१८ मध्ये आपल्या फाइल्स गो ॲपमध्ये त्या शोधून एकदम डिलीट करण्याची सोय दिली होती.

दुसरी मोजणी: वाचणाऱ्यांनाच विचारलं

एखादी पोस्ट कामाची आहे की नाही, हे कंपनीने का ठरवावं? ज्याने वाचली त्यालाच विचारलं तर? कार्नेगी मेलन विद्यापीठ, एमआयटी आणि जॉर्जिया टेक इथल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १,४४३ जणांनी ४३,७३८ ट्वीट्सना आपलं मत दिलं. ही ट्वीट्स अनोळखी लोकांची नव्हती, मत देणारे ज्यांना फॉलो करत होते, त्यांचीच होती.

त्यांना ३६ टक्के ट्वीट्स वाचण्यासारखी वाटली. २५ टक्के अजिबात वाचण्यासारखी वाटली नाहीत. आणि ३९ टक्के ट्वीट्सबद्दल लोकांचं काहीच मत नव्हतं. असली काय नि नसली काय, सारखंच.

लोकांना आवडली ती वाचकांना प्रश्न विचारणारी, माहिती देणारी आणि स्वतः केलेलं काम दाखवणारी ट्वीट्स. नुसता मूड सांगणारी, 'मी आलोय' अशी हजेरी लावणारी किंवा इतरांच्या गप्पांतली अर्धीमुर्धी ट्वीट्स नावडती ठरली.

या आकड्यांना मर्यादा आहेत. मत देणारे स्वतःहून आले होते, त्यामुळे ते सगळ्या युजर्सचे प्रतिनिधी नव्हेत. शिवाय तेव्हा ट्वीट्स वेळेच्या क्रमाने दिसायची. आज फीडमध्ये काय दिसणार, हे बऱ्याच अंशी अल्गोरिदम ठरवतो आणि त्यात फॉलो न केलेल्या लोकांच्या पोस्टही येतात. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: स्वतः निवडलेल्या लोकांच्या पोस्टपैकीही जेमतेम एक तृतीयांशच वाचण्यासारख्या वाटल्या.

मुळात पोस्ट करतं कोण?

प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर युजर्सचा अभ्यास केला. त्यात ८० टक्के ट्वीट्स फक्त १० टक्के युजर्सनी केलेली आढळली. सर्वसाधारण युजर महिन्याला जेमतेम दोन ट्वीट्स करत होता.

म्हणजे 'सोशल मीडियावर लोक असं म्हणतायत' असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा ते 'लोक' बहुतेकदा मूठभर असतात. बाकीचे गप्प बसून वाचत असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवरही वेगळं चित्र नसतं. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये रोज मेसेज टाकणारे आठ-दहा चेहरे कोणते, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठ असतं.

बिनकामाची पोस्ट आणि घातक पोस्ट

बिनकामाच्या पोस्टने फार तर वेळ जातो. खरं नुकसान वेगळ्याच पोस्टमुळे होतं, आणि महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. कारण होतं मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा. त्या काळात देशाच्या अनेक भागांत व्हॉट्सॲपवरून असे मेसेज फिरत होते. तेव्हा गाजलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ तर पाकिस्तानातल्या जनजागृतीच्या फिल्ममधला होता. शेवटचा संदेश कापून उरलेला भाग खरी घटना म्हणून फिरवला गेला.

असे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या बहुतेकांना वाटत होतं की आपण लोकांना सावध करतोय. त्यांच्या लेखी ती सगळ्यात कामाची पोस्ट होती.

या घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असा नियम केला. त्यानंतर अशा मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

खोटं जास्त का पसरतं?

२०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या खऱ्या-खोट्या बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी रिट्वीट होण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त होती. यामागे बॉट्स असतील असं वाटेल, पण बॉट्स वगळल्यावरही निष्कर्ष तोच राहिला. खोटं पसरवण्यात माणसंच पुढे होती. नवीन आणि धक्कादायक काही दिसलं की ते दुसऱ्याला सांगावंसं वाटतं, हे त्यामागचं एक कारण.

दुसरं कारण म्हणजे न वाचताच ढकलणं. २०१६ मधल्या एका अभ्यासात ट्विटरवर शेअर झालेल्या ५९ टक्के लिंक्सवर कुणीच क्लिक केलं नसल्याचं आढळलं. फॉरवर्डला मराठीत गमतीने 'ढकलपत्र' म्हणतात, ते काही उगाच नाही.

यावर एक साधा उपायही चालला. २०२० मध्ये ट्विटरने, न उघडलेली लिंक रिट्वीट करताना 'आधी वाचायचं आहे का?' असं विचारायला सुरुवात केली. हा प्रश्न दिसल्यावर लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं, असं कंपनीचं म्हणणं होतं.

मग कामाची पोस्ट कोणती?

याचं चांगलं उदाहरण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दिसलं. एप्रिल-मे २०२१ मध्ये बेड, ऑक्सिजन, प्लाझ्मा कुठे मिळेल याच्या याद्या सोशल मीडियावर फिरत होत्या. त्यातल्या अनेक निव्वळ फॉरवर्ड होत्या. फोन लावला की बंद लागायचा. पण काही स्वयंसेवक प्रत्येक नंबरवर आधी स्वतः फोन करत आणि मग 'सकाळी १० वाजता खात्री केली' असं लिहून यादी टाकत. पेशंटच्या नातेवाईकांना खरा उपयोग झाला तो या याद्यांचा. आणि तीच यादी दोन दिवसांनी कुणी तारीख न बघता पुढे ढकलली, की तिचाही कचरा व्हायचा.

म्हणजे पोस्ट कामाची आहे की नाही, हे विषयापेक्षा कोणासाठी, कधी आणि कोणाच्या खात्रीने, यावर जास्त ठरतं. म्हणून शेअर करण्यापूर्वी एवढं तपासलेलं बरं:

- पूर्ण वाचलं किंवा पाहिलं का? फक्त हेडिंग किंवा व्हिडिओचे पहिले दहा सेकंद पुरेसे नाहीत.
- कधीचं आणि कुठलं आहे? तारीख आणि ठिकाण नसलेली माहिती बहुतेक वेळा जुनी किंवा भलतीकडची निघते.
- खात्री कोणी केली? 'एका ओळखीच्यांकडून आलंय' ही खात्री नव्हे.
- वाचून राग किंवा भीती वाटली का? वाटली असेल तर लगेच ढकलू नका, आधी तपासा.

घरच्या ग्रुपवर आत्याला 'शुभ सकाळ' म्हणताना मात्र यातलं काहीच तपासायची गरज नाही.