समाक्ष तारेच्या सांध्याची कुळकथा

विजेच्या दिव्याची तार तुटली असता तिची टोके सोलून, एकमेकांस पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळली की दिवा निमूटपणे लागतो. परंतु दूरचित्रवाणीच्या कोॲक्सिअल, म्हणजे समाक्ष, केबलीस हाच न्याय लावू पाहणाऱ्या गृहस्थाच्या पडद्यावर मुंग्यांचा अंमल सुरू होतो. या केबलीचे कुलशील धातूपेक्षा तिच्या भूमितीत अधिक आहे, हे त्याचे कारण.

या कुळाचा मूळपुरुष ऑलिव्हर हेविसाइड हा इंग्लंडातील एक माजी तारमास्तर. शेजारच्या तारांतील संदेश परस्परांत मिसळू नयेत म्हणून एक वाहक दुसऱ्या नळीवजा वाहकाच्या पोटात, एकाच अक्षावर ठेवण्याची तजवीज त्याने १८८० साली पेटंटाच्या दस्तऐवजात नोंदविली. उच्च कंपनसंख्येचा प्रवाह वाहकाच्या गाभ्यात न शिरता पृष्ठभागालगतच वाहतो, या नियमाची व्यापक मांडणीही १८८५ मध्ये त्यानेच केली. आणि आजच्या घरगुती केबलीतील मधली तार बहुधा पोलादाची असून वर तांब्याच्या पातळ थरावर भागते, ते याच नियमाच्या बळावर.

पुढे अमेरिकेत एस्पेन्शीड व ॲफेल यांनी १९२९ मध्ये अर्ज केलेल्या नव्या रचनेला १९३१ साली पेटंट मिळाले. अशा रचनेत बाहेरच्या नळीचा आतील व्यास मधल्या तारेच्या सुमारे ३.६ पट ठेवला असता संदेशाचा ऱ्हास सर्वांत कमी होतो, आणि मध्ये केवळ हवा असल्यास त्या रचनेची प्रतिबाधा (इम्पीडन्स) ७७ ओहमच्या आसपास येते. दूरचित्रवाणीच्या केबलीचे ७५ ओहमचे मान या हिशेबाच्या अगदी निकटचे आहे. हे प्रमाण जेथे बिघडते, तेथून लहरीचा काही अंश माघारी फिरतो. म्हणूनच पीळ दिलेला सांधा वीज वाहून नेत असला तरी चित्र नेण्यास नालायक ठरतो.

तेव्हा सांधाही समाक्षच हवा. बेल प्रयोगशाळेतील पॉल नील यांनी १९४० च्या दशकात सिद्ध केलेला ‘एन’ जोड या कसोटीस उतरला खरा. परंतु मधल्या तारेवर स्वतंत्र पिन डाखाने बसविण्याचे ते काम प्रयोगशाळेच्या ऐपतीचे होते. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया व ऑरेगॉनमधील डोंगराआडच्या वस्त्यांना उंचावरील एका ॲंटेनावरून घरोघर केबल पुरविण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हा स्वस्त सांध्याची निकड भासू लागली. फिलाडेल्फियाच्या जेरॉल्ड कंपनीतील एरिक विन्स्टन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ती पिनच वगळली. मधली तार तशीच पुढे काढून तिलाच पिनेचा अधिकार दिला आणि बाहेर आटे पाडलेली टोपी ठेवली. हाच ‘एफ’ कनेक्टर. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच्या आरंभकाळी, १९७२ नंतर, गच्चीवरून चपटी दुपदरी तार उतरत असे. १९९० नंतरच्या केबलवाल्याने हा कनेक्टर घरोघर पोहोचविला.

त्याचा विधी सोपा आहे: टोकाकडील सुमारे सहा मिलिमीटर मधली तार उघडी करावी, त्यामागील तितकीच, बाहेरच्या वाहकाचे काम करणारी जाळी बाहेरच्या आवरणावर उलटी दुमडावी, दोन वाहकांमधला पांढरा निरोधक कनेक्टरच्या आतील कडेशी समपातळीत येईपर्यंत केबल दाबावी व क्रिंपिंगच्या पक्कडीने कंठ आवळावा, असे दोन्ही तुकडे सिद्ध झाले की मध्ये दुतोंडी जॉइंटर घालून आटे फिरवावेत. विन्स्टन यांनी पिनेची किंमत वाचविली, पण पिनेची जबाबदारी तारेवर, आणि पर्यायाने ती सोलणाऱ्यावर पडली: पात्याने तारेवरील तांबे खरवडले, तर प्रवाहाची वाटच अरुंद होते, आणि जाळीचा एक केस जरी तारेला चिकटला, तरी जे दोन वाहक अलग ठेवण्यासाठी हा सारा खटाटोप झाला, तेच एक होऊन चित्र बंद पडते. कनेक्टर दहा रुपयांचा असो वा शंभराचा, या कामी कसब पात्याचेच लागते.