जुन्नर-आंबेगांवची लेखनपरंपरा आणि इंग्रजी लेखनाचा अभ्यासक्रम

विद्यापीठांत इंग्रजी व्याकरण व शास्त्रीय निबंधलेखन यांचा अभ्यासक्रम आंखावयाचा म्हटला म्हणजे तें काम इंग्रजीच्या अध्यापकांचें. जुनीं कागदपत्रें धुंडाळणारांचा त्याशीं कांहीं संबंध नाहीं, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज बरोबर नाहीं असें आमचें मत आहे, व तें आम्ही जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांच्या उदाहरणावरून येथें मांडीत आहों. या दोन तालुक्यांतील जुन्नर, ओतूर, मंचर व घोडेगांव येथें आज महाविद्यालयें आहेत. त्यांत शिकणारीं पुष्कळ मुलें शेतकऱ्यांच्या आणि पश्चिमेकडील डोंगराळ भागांतल्या महादेव कोळ्यांच्या घरांतून येतात. त्यांस इंग्रजींत मुद्देसूद लिहितां यावें म्हणून अभ्यासक्रम होतात व बदलतात. परंतु ज्या भूमीवर हीं मुलें वाढलीं तेथें लिहिण्याची परंपरा किती जुनी व किती शिस्तीची होती, याची दखल त्यांत सहसा दिसत नाहीं.

प्रथम या परंपरेचा विचार करूं. नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा जो मोठा ब्राह्मी लेख आहे, तो इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. १८२८ सालीं कर्नल साइक्स यांनीं तो उजेडांत आणला व पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्याच्या वाचनाचें व त्यांतील अंकांच्या उलगड्याचें मोलाचें काम केलें. त्या लेखांत यज्ञांचीं नांवें व त्या त्या यज्ञांत दिलेल्या गाईंची, हत्ती-घोड्यांची आणि कार्षापणांची संख्या क्रमानें नोंदलेली आहे. वर्णनाचा फुलोरा थोडा आणि मोजदाद पुष्कळ, असें त्याचें स्वरूप आहे. जुन्नरभोंवतालच्या लेण्यांतील लहान लेखही याच जातीचे. दाता कोण, कोठला, काय दिलें व कशासाठीं दिलें, एवढें सांगून ते थांबतात. मानमोडीच्या डोंगरांतील लेखांत नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, यानें ४६ व्या वर्षीं मंडप व पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या दिल्याची नोंदही जुन्नरच्याच लेखांत सांपडते. कांसार, बुरूड व धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचा निर्देशही या लेखांत आहे. थोड्या शब्दांत नेमकें व पडताळतां येईल असें लिहिणें ही कला येथें दोन हजार वर्षांपूर्वीं अवगत होती.

मध्ययुगांत जुन्नर हें निजामशाहीचें आरंभींचें ठाणें होतें. पुढें मराठी अमदानींत येथील वतनदारांच्या घरीं दप्तरें वाढलीं. त्या काळीं लिहावयाचा कागदही येथेंच तयार होई. 'जुन्नरी' या नांवाचा हातकागद आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे, आणि तो करणारीं कागदी घराणीं जुन्नरास होतीं, हेंही त्यांस ठाऊक आहे. ज्या गांवचा कागद राज्यांत चालत होता, त्या गांवच्या मुलांस आज लेखन ही बाहेरून आलेली विद्या वाटावी, हा काळाचा उलटा न्याय म्हटला पाहिजे.

तें लेखन शिकवीत कसें? पंतोजीच्या शाळेंत धुळपाटीवर अक्षर गिरवावयाचें, कित्ता वळवावयाचा, पाढे व हिशेब पाठ करावयाचे, आणि मग एखाद्या दप्तरांत बसून जाणत्या कारकुनाच्या हाताखालीं मोडी लिहीत शिकावयाचें. व्याकरणाचें पुस्तक कोणी हातीं देत नसे. त्याऐवजीं मेस्तकें असत. हेमाडपंताच्या नांवावर चालत आलेल्या या ग्रंथांत थोरास, बरोबरीच्यास व कनिष्ठास कोणत्या मायन्यानें लिहावें, पत्राचा आरंभ व शेवट कसा करावा, हें सांगितलेलें असे. म्हणजे आधीं वाचक कोण तें ठरवावें व मग शब्द योजावे, हा लेखनाचा पहिला नियम उमेदवार मुलगा मायन्यांवरूनच शिके.

परंतु आमच्या मतें या परंपरेंतील सर्वांत मोलाचा नमुना पत्राचा नव्हे, निवाडपत्राचा आहे. वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढें आला म्हणजे जो कागद होई, त्याची मांडणी पाहावी. आरंभीं काल व स्थल. मग सभेस बसलेल्यांचीं नांवें. मग अग्रवादीचें म्हणणें. मग पश्चिमवादीचें म्हणणें. दोघांनीं सभेचा निर्णय मान्य करण्याचा दिलेला राजीनामा. नंतर पुरावा, म्हणजे जुनीं पत्रें, भोगवटा व साक्षी. त्या पुराव्याची छाननी. शेवटीं निर्णय, व त्याखालीं सभासदांच्या सह्या आणि निशाण्या. ज्यास अक्षर येत नसे तो कुणबी नांगराची निशाणी करी. प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं पुरतें मांडावें, प्रत्येक विधानास आधार द्यावा, आणि आधार तपासल्यावांचून निष्कर्ष काढूं नये, अशी जी शिस्त विद्यापीठें आज शोधनिबंधासाठीं सांगतात, तिचीं मुख्य अंगें या कागदांत आहेत. याचा अर्थ निवाडपत्र म्हणजे शोधनिबंध असा नव्हे. कित्येक तंट्यांत साक्षीपुराव्यानें निर्णय होईना तेव्हां दिव्य करीत, आणि दिव्य हा युक्तिवाद नव्हे. शिवाय निवाडा सभेच्या अधिकारानें चाले, निबंध केवळ पटवून देण्याच्या बळावर चालतो. हा भेद लक्षांत ठेवूनही साम्य उरतें तें थोडें नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. १८१८ त पेशवाई गेल्यानंतर एल्फिन्स्टन यांच्या धोरणानें १८२१ सालीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. मुंबईस छापील शालेय पुस्तकें तयार करणारी मंडळी १८२२ पासून उद्योगास लागली, व कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं तींत पुढाकार घेतला. याच काळांत व्याकरण ही वेगळी शिकवण्याची वस्तु म्हणून मराठी शाळांत आली. दादोबा पांडुरंग यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं निघालें. त्याची मांडणी करितांना त्यांच्यापुढें लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मरे यांचें तें पुस्तक १७९५ सालचें. तेव्हां आपण आज ज्यास मराठी शालेय व्याकरण म्हणतों त्याच्या घडणींतच इंग्रजी व्याकरणाचा हात आहे. मेजर कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची. मोडी कागदांत शब्द न तोडतां एका ओळींत सलग लिहीत, व वाक्य कोठें संपलें तें अर्थावरून ओळखीत. त्या लेखनास पूर्णविराम व स्वल्पविराम इंग्रजीनें दिले. याचें ऋण नाकारण्याचें कारण नाहीं.

वाद उत्पन्न झाला तो शिक्षणाच्या माध्यमावरून. १८४० नंतर स्थापन झालेल्या शिक्षणमंडळांत सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी होते. जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांचें म्हणणें असें कीं, बहुजनांस ज्ञान द्यावयाचें तर तें देशी भाषांतूनच दिलें पाहिजे. १८४७ च्या सुमारास हा वाद ऐन भरांत होता. १८५४ च्या वूड यांच्या खलित्यानें दोहोंस जागा देण्याचा प्रयत्न केला. तथापि १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर उच्च शिक्षण इंग्रजींतूनच चालूं लागलें, आणि १८६० च्या दशकांत प्रवेशपरीक्षेच्या वरच्या वर्गांतून देशी भाषा काढून टाकण्यांत आल्या. न्यायमूर्ति रानडे यांनीं पुढें दीर्घकाळ प्रयत्न केले तेव्हां १९०१ च्या सुमारास एम. ए. च्या परीक्षेंत मराठीचा पुन्हां प्रवेश झाला. मधल्या जवळ जवळ चाळीस वर्षांत जो विद्वद्वर्ग तयार झाला, त्याचें निबंधलेखन परक्या भाषेंत घडलें, आणि तें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांतून वाक्यामागून वाक्य उलथवीत घडलें.

या शिक्षणाचें फळ एकाच जातीचें निघालें असें मात्र नाहीं. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत रानड्यांबरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांनीं १८८४ सालीं दक्षिणेचा प्राचीन इतिहास इंग्रजींत लिहिला, आणि लेण्यांतील शिलालेख साक्षीदारासारखे तपासून त्यांवर तो उभारला. उलट डेक्कन कॉलेजांत शिकलेले राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करितांना आपल्या विस्तृत प्रस्तावना मराठींत लिहिल्या. भाषा दोन, परंतु पद्धति एक. अस्सल कागद आधीं, मत मागून. इंग्रजी शिकल्यानें कोणाची दृष्टि आपल्या भूमीवरून ढळलीच पाहिजे असें नाहीं, व मराठींत लिहिल्यानें शास्त्रीयता उणी होते असेंही नाहीं, हें या दोघांनीं दाखवून दिलें.

१९४९ सालीं पुणें विद्यापीठ निघालें. महाराष्ट्रासाठीं विद्यापीठ निघालें म्हणजे हा तिढा सुटेल अशी अनेकांची अपेक्षा होती. २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे, आणि प्रस्तुत दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयें त्याच्याच कक्षेंत येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्यें जाहीर झाल्यापासून अभ्यासक्रमांची नव्यानें आंखणी चालली आहे. अशा वेळीं कांहीं सूचना करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

पहिली सूचना व्याकरणाविषयीं. इंग्रजी व्याकरण मराठीशीं ताडून शिकवावें. 'रामानें पोथी वाचली' या वाक्यांत क्रियापद पोथीच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें. इंग्रजींत भूतकाळच्या अशा क्रियापदास लिंगवचनाचा विकार नाहीं, आणि वर्तमानकाळीं जो 'एस्' लागतो तो कर्त्याकडे पाहून लागतो. मराठींत निश्चयदर्शक उपपद नाहीं, म्हणून तें विद्यार्थ्याच्या इंग्रजी वाक्यांतून गळतें. 'मी उद्यां येतों असें तो म्हणाला' येथें मराठी मूळ वक्त्याचेच शब्द ठेविते; इंग्रजी अप्रत्यक्ष कथनांत पुरुष व काळ दोन्ही फिरवावे लागतात. 'जो-तो' ही जोडी मराठीचा कणा आहे, परंतु इंग्रजींत तिचा दुसरा अर्धा भाग येत नाहीं. ही तुलना दिली म्हणजे चूक ही मूर्खपणाची खूण न राहतां दोन भाषांच्या घडणींतील भेद म्हणून कळते. ज्या घरांत पूर्वीं कोणी महाविद्यालयांत गेलेलें नाहीं, तेथील मुलास हा फरक केवढा धीर देणारा आहे, हें शिकविणारांस सांगावयास नको.

दुसरी सूचना लेखनाविषयीं. परिच्छेद व निबंध शिकवितांना विषय दूरचे न घेतां जुन्नर-आंबेगांवचेच घ्यावे. पहिल्या सत्रांत लेण्यांतील एखाद्या दानलेखाचें प्रकाशित वाचन घेऊन त्याचा आशय चार इंग्रजी वाक्यांत लिहावा. दुसऱ्यांत एका निवाडपत्राचें बालबोध लिप्यंतर घेऊन दोन्ही पक्षांचें म्हणणें निःपक्षपातानें संक्षेपावें. तिसऱ्यांत त्याच तंट्याच्या पुराव्याची छाननी स्वतःच्या शब्दांत करावी. चौथ्यांत आधारांची नोंद देऊन दीड-दोन हजार शब्दांचा निबंध लिहावा. प्रत्येक विधान कोणत्या कागदावरून घेतलें हें सांगण्याची संवय एकदां लागली, म्हणजे दुसऱ्याचें लेखन आपलें म्हणून दडपण्याची प्रवृत्ति आपोआप कमी होईल.

यावर एक आक्षेप येईल. इंग्रजीच्या तासाचा मोडीचा तास होईल. आणि नोकरीसाठीं ज्यांस अर्ज व अहवाल लिहावयाचे त्यांस निवाडपत्राचें काय? आक्षेप योग्य आहे, म्हणूनच मोडी शिकविण्याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. लिप्यंतर पुरेसें आहे. अहवालांत तरी याहून निराळें काय असतें? काय घडलें, कोण काय म्हणतो, आधार कोणता आणि त्यावरून काय ठरतें, एवढेंच.

राहतां राहिलें आमच्या वाचकांचें कर्तव्य. असा अभ्यासक्रम करावयाचा तर लिप्यंतरें हवीं, आणि तीं ज्यांच्या संग्रहीं कागद आहेत त्यांच्याकडूनच यावयाचीं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोडीचें शालेय शिक्षण थांबलें आणि घरोघरच्या दप्तरांस वाचक उरला नाहीं. ज्या कागदास वाचक नाहीं तो वाळवीच्या नाहीं तर रद्दीवाल्याच्या हातीं जातो. आंबेगांव हें मूळ गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. गांवें उठतात तेव्हां कागदांचे रुमालही सुटतात. २०२४ च्या ३ ऑक्टोबरास मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठीं मांडलेल्या पुराव्यांत नाणेघाटच्या लेखाचाही समावेश होता. शिळेवरचा लेख टिकला म्हणून तो साक्षीस आला. कागदावरचे टिकविणें आपल्या हातीं आहे. संग्राहकांनीं आपल्याजवळील एकेक निवाडपत्र किंवा महजर काळजीपूर्वक उतरून, त्याचा काल, गांव व प्राप्तिस्थान नमूद करून, जवळच्या महाविद्यालयास द्यावा; मूळ कागद आपल्याचपाशीं ठेवावा. दोन तालुक्यांतून अशीं पंचवीस लिप्यंतरें जमलीं तर एका वर्षाच्या अध्यापनाची सामग्री सिद्ध होईल, आणि घोडेगांवचा किंवा ओतूरचा विद्यार्थी इंग्रजींत आपला पहिला निबंध लिहील तो आपल्याच शिवेच्या तंट्यावर, आधारासह लिहील.