खुर्ची एकच होती

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला लढाऊ विमानांचं वेगळं कौतुक सांगावं लागत नाही. ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तोच मुळी मिग-२१ साठी. त्यामुळे २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने मिगला निरोप दिला, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर फोटो पडत होते. त्या रात्री मी मिगबद्दल वाचत बसलो आणि एका नावापाशी थांबलो. विंग कमांडर पद्मनाभ गौतम. नोव्हेंबर १९७२ मध्ये पुण्याजवळ मिग-२१ कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

नावापुढे लिहिलं होतं: महावीरचक्र, दोनदा. पण ही दोन्ही पदकं मिगवरची नव्हती. ती होती कॅनबेरा नावाच्या बॉम्बरवरची.

परमवीरचक्राच्या खालोखालचं हे पदक आजवर फक्त सहा जणांना दोनदा मिळालं आहे. त्यांत जनरल अरुणकुमार वैद्य आपल्याला माहीत असतात. हवाई दलातले दोघेच: गौतम आणि जगमोहन नाथ. आणि हे दोघेही कॅनबेरावाले! नाथ यांनी १९६२ च्या सुमारास तिबेट आणि अक्साई चीनवरून, आणि १९६५ मध्ये पाकिस्तानवरून उडून फोटो काढले. त्यांच्या विमानात कॅमेरे होते, बंदूक एकही नव्हती.

सिनेमे मात्र फायटर पायलटवर निघतात. ते साहजिकही आहे. तिथे पाठलाग आहे, हुलकावणी आहे. बॉम्बरचं काम त्यापुढे कंटाळवाणं वाटतं. रात्री निघायचं, रडारला दिसू नये म्हणून खालून उडायचं, होकायंत्र, घड्याळ, वेग आणि वारा यांचं गणित मांडत शेकडो किलोमीटर अंधारात जायचं, बॉम्ब टाकायचे आणि जागं झालेल्या शत्रूच्या डोक्यावरून परत यायचं. १३-१४ सप्टेंबर १९६५ च्या रात्री आग्र्याहून निघालेली कॅनबेरा विमानं अशीच थेट पेशावरपर्यंत जाऊन आली. त्यांत गौतम होते. १९७१ मध्ये ते १६ स्क्वाड्रनचे प्रमुख होते. मियाँवालीच्या विमानतळावर खालून तोफांचा भडिमार चालू असताना त्यांनी हल्ले केले. त्यासाठी दुसरं महावीरचक्र.

गंमत म्हणजे समोरून येणारं विमानही जवळजवळ तेच होतं. पाकिस्तानचं बी-५७ म्हणजे ब्रिटिश कॅनबेराचीच अमेरिकेत परवान्यावर बनवलेली आवृत्ती. आपले वैमानिक पेशावरला जायचे, त्यांचे आदमपूर, हलवारा, जामनगरला यायचे. जामनगरवर आलेलं एक बी-५७ परत गेलं नाही. अंधार आणि भीती दोन्हीकडे सारखीच असणार.

हे सगळं वाचून झालं आणि मी विमानाचा आराखडा उघडला. इंजिनिअरची खोड. भारताकडची बॉम्बर कॅनबेरा प्रामुख्याने बी(आय)५८ या जातीची होती. माणसं दोन. पायलट वर, काचेच्या घुमटाखाली. नेव्हिगेटर खाली, आत, बाहेरचं फारसं न दिसणाऱ्या जागी. बॉम्ब टाकायची वेळ आली की तो सरकत नाकाडात जाऊन पालथा पडायचा.

इजेक्शन सीट होती फक्त पायलटला.

नेव्हिगेटरने जीव वाचवायचा तर जागेवरून उठून, पॅराशूटसह, बाजूच्या दारातून उडी मारायची. पेटलेल्या, गिरक्या घेणाऱ्या विमानात. जमिनीपासून थोड्याच उंचीवर.

हा निर्णय कुठल्या तरी ड्रॉइंग बोर्डवर झाला असेल. वजन, जागा, खर्च. अशा तडजोडी आम्हीही रोज करतो, फक्त आमच्याकडे फार तर अ‍ॅप बंद पडतं. इथे काय झालं ते २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री दिसलं. पाकिस्तानच्या एका स्टारफायटरने आपलं एक कॅनबेरा पाडलं. पायलट फ्लाइट लेफ्टनंट लोव इजेक्ट झाले आणि युद्धकैदी झाले. नेव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर कपूर विमानाबरोबरच गेले. २३ तारखेला युद्धबंदी झाली.

यात लोव यांचा काहीच दोष नाही. पण तेव्हापासून मी पदकांच्या याद्या वेगळ्या नजरेने वाचतो. काही नेव्हिगेटरांनाही वीरचक्रं मिळाली, हे खरं. तरी आपण नाव लक्षात ठेवतो ते स्टिअरिंग हातात असलेल्याचं. गौतम पेशावरला पोचले, कारण शेजारी कुणीतरी टॉर्चच्या उजेडात पेन्सिलने रस्ता काढत होतं. आणि आपल्याला बाहेर पडायला खुर्ची नाही, हे त्याला उड्डाणाआधीच माहीत होतं. माहीत असूनही तो दुसऱ्या रात्री पुन्हा आत शिरायचा. शौर्याची मला पटलेली व्याख्या हीच.

गौतमही शेवटी वाचले नाहीत. दोन युद्धांतून, शत्रूच्या तोफांमधून सुखरूप परतलेला हा माणूस दुसरं युद्ध संपल्यावर वर्षभरातच गेला. तेही शांततेच्या काळात, आपल्याच आकाशात. ज्या विमानाच्या निरोपाचे फोटो आम्ही अभिमानाने फॉरवर्ड करत होतो, त्याच जातीच्या विमानात.

कॅनबेरा २००७ मध्ये, पन्नास वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालं. तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवसाची कसलीच आठवण माझ्याकडे नाही. हल्ली ओझरच्या बाजूने सुखोईचा आवाज आला की मी वर बघतो. त्यातही दोघं असतात. खुर्च्याही दोन असतात. मग मी पुन्हा कामाला लागतो.