चौकबाजार ते कतारगाम दरवाजा

गेल्या वर्षी आरतीनंतर प्रसाद वाटताना मंडळातल्या सहावीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "काका, शाळेत मित्र विचारतात, 'तमारा शिवाजीए सुरत लूंट्युं हतुं ने?' मी काय सांगू?" आम्ही "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. आजोबा खानदेशातून उधन्याला उतरले, त्याला तीन पिढ्या झाल्या. तरी या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी सकाळी चार घरची मंडळी मुलांना घेऊन पायीच निघालो.

सुरुवात चौकबाजारच्या किल्ल्यापासून केली. तापीकाठचा हा किल्ला गुजरातच्या सुलतानाच्या काळात, सोळाव्या शतकात खुदावंदखानाने बांधला. महापालिकेने तो दुरुस्त करून तेथे संग्रहालय केले आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराज बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत उतरले, तेव्हा मोगलांचा अधिकारी इनायतखान याच किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. तोवर शहराला धड तटही नव्हता. मातीची भिंत होती. विटांचा तट नंतर आला.

मुलांना कारण सांगितले. शाहिस्तेखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून होता, स्वराज्याचा मुलूख उजाड झाला होता आणि सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. पण तेवढ्यावर थांबलो नाही. वीरजी व्होरासारख्या व्यापाऱ्यांची घरे फोडली गेली, वस्ती जळाली, इनायतखानाच्या वकिलाने महाराजांवर खंजीर उगारल्यावर कैद्यांचे हात तोडले गेले, हेही सांगितले. कॅपुचिन पाद्र्यांचा मठ आणि एका दानशूर मृत दलालाचे घर महाराजांनी वाचवले, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो, तेही सांगितले. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत पुन्हा लुटली गेली. आपले कारण खरे होते आणि इथल्या माणसांचे हालही खरे होते. त्यांतले एकच सांगितले तर मूल शाळेत अडखळणारच.

तिथून मुगलीसरा. १६४४ सालची ही सराई हज यात्रेकरूंसाठी बांधली होती. आज तिथे महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. घरपट्टीच्या कामाला आपण सगळेच तिथे गेलेलो आहोत, पण पहिल्या स्वारीच्या वेळी ही इमारत वीस वर्षांची होती, हे कोणाच्याच ध्यानात नव्हते.

चालता चालता राघोबादादांचा विषय निघाला. पेशवाईच्या हव्यासापायी त्यांनी ६ मार्च १७७५ रोजी इंग्रजांशी जो तह केला, तो सुरतेचा तह. साष्टी आणि वसई देऊ करून परक्यांची फौज घरच्या भांडणात आणली आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. सुरतेच्या नावाशी जोडलेली ही गोष्ट आपण मुलांना क्वचितच सांगतो.

आणखी एक नाव तर आम्हीच विसरलो होतो. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत होते. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी आणि इतर सुरतकरांबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. जातिभेद आणि अंधश्रद्धा यांविरुद्ध बोलणारी ही सभा मुंबईच्या परमहंस मंडळीच्याही पाच वर्षे आधीची. एक मराठी आणि एक गुजराती शिक्षक एका सभेत शेजारी बसले, ते याच शहरात.

शेवटचा टप्पा कतारगाम दरवाजाजवळची इंग्रजांची दफनभूमी. मुले दमली होती, पण ऑक्झेंडन बंधूंची घुमटाची थडगी पाहून पुन्हा पळू लागली. यातला जॉर्ज ऑक्झेंडन पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रज वखारीचा प्रमुख होता. त्याने वखार लढवायची तयारी केली, जागा सोडली नाही. तो १६६९ मध्ये इथेच वारला. "म्हणजे हा आपला शत्रू?" मुलाने विचारले. आम्ही म्हणालो, "तेव्हा होता. पण तो आपली वखार सोडून पळाला नाही, एवढे त्याचे खरे."

परतताना रस्त्याकडेला लोचो खाल्ला. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी मित्रांना सांगेन, हो, लुटली होती. का ते पण सांगतो, आणि काय झालं ते पण. मग त्यांना किल्ल्यात घेऊन येईन." आम्ही वर्षभर शोधत होतो, ते उत्तर त्याने लोचो संपायच्या आत दिले.

तापी आपल्या खानदेशातून वाहत येते आणि इथे सुरतेची होते. आपणही तसेच आलो. यंदा विसर्जनानंतरच्या एका रविवारी पुन्हा याच वाटेने निघायचे ठरले आहे. या वेळी मुलांचे शाळेतले गुजराती मित्रही बरोबर येणार आहेत. आपणही यावे. सकाळी सात वाजता, किल्ल्याच्या दरवाजाशी.

गणपती बाप्पा मोरया!