पोहरा आणि पेटी

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलात की वाटेत वळसंग येतं. तुम्ही एसटीतून उतरता, हॉटेलात चहा मागवता. शेजारच्या बाकड्यावर दोघं जण बोलतायत. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. या पट्ट्यात ते कुणाला खटकत नाही. विषय निवडणुकीचा. त्यातला एक म्हणतो, "त्या वस्तीचं काय सांगता, तिथली मतं गठ्ठ्यानं पडतात." वस्तीचं नाव कुणी घेत नाही, तरी तुम्हाला कळतं. 'गठ्ठा' हा शब्द तुम्ही टीव्हीवर ऐकलाय, पेपरात वाचलाय, कदाचित स्वतः वापरलाही आहे. तो खिशात ठेवा. त्याला घेऊनच मागं जायचंय.

कप खाली ठेवायला जाता, तर खाली टेबल नसतं. रस्त्यावरचं डांबर गेलेलं असतं. पायांखाली काळ्या रानाची धूळ, नाकात गुरांचा वास, आणि समोर माणसंच माणसं. साल 1937.

गर्दी इतकी की तुम्हाला पुढचं काही दिसत नाही. दिसतात ती मुंडाशी, डोक्यावरचे पदर आणि बापांच्या खांद्यांवर बसलेली पोरं. डॉक्टर आंबेडकर वळसंगला आलेत. वस्तीच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी आज त्यांच्या हातून खुलं व्हायचंय. तुमच्या शेजारी नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा टाचा उंचावून बघतोय. त्याला उचलून घ्या. तोच तुमचे डोळे होईल.

"काय दिसतंय रे?"

"दोर दिसतोय. दोर खाली चाललाय."

मग गर्दी गप्प होते. पाण्यावर पोहरा आपटल्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो, आणि त्यानंतर जो गलका उठतो त्यात तुमचा स्वतःचा आवाज कधी मिसळला ते तुम्हालाही कळत नाही.

पोराचा बाप तुमच्याकडे वळून बघतो. कपड्यांवरून तुम्ही परगावचे, हे त्यानं ओळखलंय. "पाव्हणं, आमी घागर घिऊन हिरीपाशी हुबं ऱ्हायचो. कुणी दया करून वरनं वतलं तर पाणी. न्हाई वतलं तर दिस गेला." एवढंच बोलतो आणि पुन्हा तिकडे तोंड करतो. सांगण्यापेक्षा बघणं आज महत्त्वाचं आहे.

त्याला विचारा, यंदाच्या निवडणुकीत मत कुणाला दिलंत? तो मान हलवतो. त्याला मतच नाही. 1937 चं मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा, कर, शिक्षण अशा अटी होत्या, आणि गावकुसाबाहेरच्या बहुतेकांना त्या ओलांडता येत नव्हत्या. तरी निवडणुकीचा निकाल त्याला तोंडपाठ आहे. बाबासाहेबांनी ऑगस्ट 1936 मध्ये काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष फेब्रुवारीत मुंबई इलाख्याच्या विधानसभेला उभा राहिला आणि त्यानं लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. सोलापूरकडून जिवाप्पा ऐदाळे गेले. गांधींचं नाव आणि काँग्रेसची लाट समोर असताना हे घडलं.

पक्षाचं नाव पुन्हा एकदा उच्चारून बघा. स्वतंत्र मजूर पक्ष. त्यात जातीचं नाव नाही. मजूर आहे, कूळ आहे, खोती मोडायची मागणी आहे, गावकीच्या राबणुकीला जखडणाऱ्या महार वतनातून सुटका आहे. ज्यांनी त्याला मत दिलं त्यांनी माणसाला दिलं हे खरं, पण त्या माणसाच्या हातात मागण्यांचा कागद होता.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या, कारण पुढे ती लागणार आहे. या निवडणुकीत मुंबई इलाख्यात अनेक मतदारसंघांतून एकाहून जास्त जण निवडून जात. जितक्या जागा, तितकी मतं हातात. ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. पुणे करारानं 1932 मध्ये अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघ आले. तिथे बहुसंख्यांच्या मतांपुढे आपला माणूस निवडून आणायचा तर थोडक्यांना सगळं वजन एका जागी टाकावंच लागे. ज्याला आज गठ्ठा म्हणतात, तो त्या वेळी थोडक्यांच्या हातातला एकमेव सोटा होता.

इथून हजारो मैलांवर, काहीच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1936 मध्ये अशीच एक घटना घडून गेलीय. अमेरिकेतले काळे मतदार लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी सत्तर वर्षं बांधील होते. गुलामगिरीतून सोडवणाऱ्याचा पक्ष म्हणून बाप मुलाला ते मत वारशात देई. पिट्सबर्गचे काळे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी 1932 मध्ये सांगितलं होतं की लिंकनची तसबीर आता भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते देणं फिटलं. 1936 ला उत्तरेकडच्या काळ्या मतदारांनी मोठ्या संख्येनं रूझवेल्टला मत दिलं. दक्षिणेत त्यांच्यापैकी बहुतेकांना मतदानाच्या खोलीपर्यंतसुद्धा पोचू देत नव्हते. वळसंगच्या विहिरीवर दोर सोडणारा हा माणूस 1913 ते 1916 न्यूयॉर्कमध्ये शिकला, हार्लेमच्या शेजारी राहिला. पुढे 1946 मध्ये त्यानं काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. दोन्हीकडची वस्ती एकच प्रश्न सोडवत होती: उपकार करणाऱ्याचं आपण किती पिढ्या देणं लागतो?

पोराला खाली ठेवा. गर्दीतून पितळी तांब्या हातोहात मागं येतोय. तुमच्यापर्यंत येतो तेव्हा त्यात घोटभर उरलेलं असतं. प्या.

तांब्या पुढे देता आणि हातात दोन कोऱ्या मतपत्रिका असतात. साल 1952. बोटाला शाई लागलीय. तो पोरगा आता चोवीस वर्षांचा आहे, मिशी फुटलीय, कपाळाला घाम आहे. त्याच्या बापाला जे मिळालं नव्हतं ते त्याच्या हातात आहे, आणि तेही कर-शिक्षणाच्या कसल्याच अटीशिवाय.

आडोशामागे पेट्या मांडल्यात. शिक्का मारायचा नाही, नाव वाचायचं नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चित्र. बैलजोडी काँग्रेसची. हत्ती शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा, बाबासाहेबांच्या आताच्या पक्षाचा. सोलापूर लोकसभेला दोन जागा आहेत, म्हणून पत्रिकाही दोन. त्याला दोन्ही हत्तीत टाकायच्या आहेत. त्याचा हात तिकडे जातोसुद्धा.

थांबवा त्याला. आता नियम बदललाय. दोन मतं एकाला देता येत नाहीत. दिली तर एक बाद. हत्तीत एकच जाईल. दुसरी पत्रिका दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीत टाकायला हवी, आणि तुमच्या हत्तीला जिंकायचं असेल तर दुसऱ्या जातीच्या कुणीतरी आपली एक पत्रिका त्यात टाकायला हवी. ती कोण टाकेल? हा प्रश्न त्या आडोशामागे चोवीस वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर तुम्हाला स्पष्ट वाचता येतो. तो पहिली पत्रिका हत्तीत सोडतो. दुसरी हातात धरून बराच वेळ उभा राहतो. मग एका पेटीत टाकतो. कोणत्या ते बघू नका, मत गुप्त असतं.

सोलापूरचा निकाल लागतो तेव्हा दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेलेल्या असतात. एकीवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे, दुसरीवर फेडरेशनचे पां. ना. राजभोज. साऱ्या देशात त्या वर्षी लोकसभेला फेडरेशनचे दोनच उमेदवार निवडून आले: करीमनगरचे एम. आर. कृष्णा आणि सोलापूरचे राजभोज. खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून 14,561 मतांनी हरले, आणि तिथे 74 हजारांवर मतं बाद ठरली होती. ज्यात घटनेचा शिल्पकार पडला, त्याच निवडणुकीत सोलापूरनं हत्ती निवडून आणला. हे सोलापूरकरांनासुद्धा फारसं आठवत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. शेतकऱ्यांच्या पक्षाचा माणूस आणि अस्पृश्यांच्या पक्षाचा माणूस एकाच जिल्ह्यातून एकत्र दिल्लीला गेले, ही आठवण जपण्यासारखी होती.

पुढची वर्षं झपाट्यानं जातात. 1956 ला नागपूर, धम्मदीक्षा, आणि दोन महिन्यांत बाबासाहेबांचं जाणं. 1957 ला फेडरेशनच्या जागी भारतीय रिपब्लिकन पक्ष. मग गट, गटांचे गट. साठीच्या दशकात त्या पक्षाचे नेते दादासाहेब गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला आणि तेव्हापासून दिल्लीत, मुंबईत, सोलापुरात बसलेल्यांनी ही मतं आपल्या खात्यावर जमा धरली. अमेरिकेत याच दशकात, 1964 चा नागरी हक्क कायदा झाल्यावर, काळ्यांतले दहातले नऊ जण डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आणि तिथल्या नेत्यांनीही तसंच जमा धरलं. इथे 1998 ला मात्र रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली, आणि चार जण खुल्या जागांवरून लोकसभेत गेले: प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे. दुसऱ्यांनी आपली पत्रिका या पेटीत टाकली की काय होतं, ते त्या एका वर्षी दिसलं. पुढच्याच निवडणुकीत ते पांगलं.

18 एप्रिल 2019. शाळेची खोली, रांग, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. रांगेत एक म्हातारा आहे, नव्वदी ओलांडलेला, नातीच्या खांद्यावर हात ठेवून उभा. तुम्ही त्याला ओळखता. त्यानंही तुम्हाला ओळखलं असावं, कारण तो हसतो. "पाव्हणं, तुमी म्हातारं न्हाई झालाव."

मतदान यंत्रावरच्या नावांपैकी तिघांची चर्चा आहे. भाजपचे जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी, गौडगावच्या मठाचे. काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे, सोलापूरच्या कोर्टातल्या साध्या नोकरीपासून मुख्यमंत्रिपदापर्यंत आणि देशाच्या गृहमंत्रिपदापर्यंत पोचलेले. आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर, दोर सोडणाऱ्याचे नातू. म्हाताऱ्यानं आयुष्यात किती पेट्या बघितल्या! आज त्याच्यासमोर एकीकडे बाबासाहेबांचं रक्त आहे, दुसरीकडे दलित घरातून वर आलेला सोलापूरचा माणूस. ज्यांना ही निवड सोपी वाटते त्यांनी त्या रांगेत उभं राहून बघावं.

नात म्हणते, "आज्जा, बटन दाबल्यावर चिठ्ठी दिसती बगा काचेत."

तो आत जातो. बीप ऐकू येतो.

निकाल असा: महास्वामी 5,24,985. शिंदे 3,66,377. आंबेडकर 1,70,007. दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज केलीत तर ती पहिल्याहून 11,399 नं जास्त भरते. निकालाच्या संध्याकाळपासून गावोगावी एकच वाक्य: "वंचितनं मतं खाल्ली."

इथे जरा थांबा, मला या वाक्यावर बोलायचंय. खाल्ली म्हणजे कुणाच्या ताटातली? ती एक लाख सत्तर हजार माणसं काँग्रेसच्या ताटात कुणी वाढून ठेवली होती? मठाचे भक्त एकदिलानं स्वामींना मत देतात तेव्हा ती श्रद्धा असते. मराठा पुढाऱ्यामागं पंचक्रोशी उभी राहिली तर तो जनाधार होतो. आणि ज्यांना विहिरीवर ताटकळत ठेवलं ते एकत्र आले की गठ्ठा. कृती तीच, शब्द तीन. माझं स्पष्ट मत आहे की हा शब्द अपमान आहे, आणि तो खोटाही आहे. मजूर पक्ष, हत्ती, काँग्रेससोबतची युती, वंचित: या माणसांनी एवढ्या वेळा पेटी बदलली, आणि प्रत्येक वेळी बदलण्याला कारण होतं. माझ्या ओळखीतल्या किती तरी सवर्ण घरांनी तीन पिढ्यांत एकदाही बदललेली नाही.

मतविभागणीनं नुकसान झालं नाही असं मी म्हणत नाही. झालं. त्याची किंमत म्हाताऱ्याच्या वस्तीलाच सगळ्यात जास्त मोजावी लागते, हेही खरं. पण त्याचा जाब आघाडी जमवू न शकलेल्या नेत्यांना विचारायचा, दोन्ही बाजूंच्या. यंत्रासमोर एकट्यानं उभ्या राहिलेल्या नव्वद वर्षांच्या माणसाला विचारायचा नाही.

7 मे 2024. तीच शाळा. नात एकटीच रांगेत आहे. आज्जा राहिला नाही. सगळीकडे बोलणं संविधानाचं आहे. ते बदलणार का, राहणार का. आपल्या गावची विहीर खुली करणारा आणि ते पुस्तक घडवणारा माणूस एकच, हे तिला शाळेच्या आधी घरात कळलेलं. सोलापुरातून वंचितच्या उमेदवारानं आधीच माघार घेतलीय. ती आत जाते, बाहेर येते, तुम्हाला बोटाची शाई दाखवते, आणि काय केलं ते सांगत नाही. निकालात काँग्रेसच्या प्रणिती शिंदे 6,20,225 मतं घेऊन भाजपच्या राम सातपुतेंच्या 74,197 मतांनी पुढे असतात.

चहा निवलाय. बाकड्यावरचे दोघं अजून बोलतायत. खिशात तो शब्द आहे. तो इथे पुन्हा काढू नका, कुठेच काढू नका. पैसे द्या, उठा आणि बाबासाहेबांच्या विहिरीची वाट विचारा. गावात कुणीही दाखवील.