हेमाद्री पंडित : सत्ता, लेखणी आणि एकसरचे वीरगळ

देवगिरीच्या यादवांचा 'श्रीकरणाधिप' हेमाद्री पंडित मराठी माणसाला हेमाडपंत म्हणून ठाऊक असतो. हेमाडपंती देवळे, मोडी लिपी, एवढेच काय बाजरीसुद्धा लोकपरंपरेने त्याच्या नावावर जमा केली आहे. वस्तुतः सरसकट हेमाडपंती म्हटले जाणारे अंबरनाथचे शिवालय शके ९८२चे, म्हणजे इ. स. १०६०चे, हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. सामर्थ्यवान नावाकडे इतरांचे कर्तृत्व कसे वाहत जाते, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

श्रीकरण म्हणजे राज्याचे दप्तर. महादेव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र (१२७१–१३११) या दोन्ही राजांच्या काळात ते हेमाद्रीच्या हाती होते. महादेवाचा पुत्र आमण याला पदच्युत करून रामचंद्राने सिंहासन बळकावले, तरी हेमाद्रीचा अधिकार ढळला नाही. शके ११९४च्या (इ. स. १२७२) ठाणे ताम्रपटात साष्टीतील एक गाव ३२ ब्राह्मणांना दिल्याची नोंद आहे आणि त्यातही सर्व करणांचा अधिपती म्हणून हेमाद्री येतो. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे याच साष्टीतली.

साष्टी यादवांकडे आली ती उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पाडाव झाल्यावर, १२६५च्या सुमारास. हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तील राजप्रशस्ती सांगते, की महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराला समुद्रात बुडणे बरे वाटले. अलंकार सुंदर आहे. परंतु तो विजेत्याच्या दप्तरप्रमुखाचा आहे, हे आपण विसरता कामा नये. प्रशस्ती हा इतिहासाआधी काव्यप्रकार आहे आणि पराभूताचा मृत्यू तिथे राजस्तुतीचे साधन होतो.

बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. काही अभ्यासक ते याच संग्रामाशी जोडतात. काही शैलीवरून त्यांना अधिक जुने मानतात. निर्णय काहीही असो, वल्ही मारणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव तिथे वाचता येत नाही.

हेमाद्री केवळ दरबारी स्तुतिपाठक होता, असे मात्र आम्हांला म्हणायचे नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वरील 'आयुर्वेदरसायन' ही त्याचीच टीका. 'मुग्धबोध' व्याकरणाचा कर्ता बोपदेव त्याच्याच आश्रयाखालचा. उलट महानुभाव परंपरेला तो चक्रधरस्वामींचा वैरी म्हणून आठवतो. व्रते, दाने आणि तीर्थे यांचा संस्कृतात प्रचंड संग्रह करणारा मंत्री आणि लोकभाषेत धर्म सांगणारे चक्रधर एकाच राज्यात, एकाच काळात वावरत होते, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

म्हणून हेमाद्री वाचताना 'लीळाचरित्र' शेजारी असावे आणि प्रशस्ती वाचताना एकसरचे मूक दगड. दप्तर ज्याच्या हाती, त्याची साक्ष टिकते. पण ती एकमेव साक्ष नसते, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ झाले.