कृषिजिल्हे
शेतजमिनीचे नागरी विस्तारापासून संरक्षण व्हावे म्हणून जमीनमालकांच्या इच्छेने व स्थानिक शासनाच्या संमतीने निश्चित केलेली शेतीची क्षेत्रे. येथे ‘जिल्हा’ ही संज्ञा महसुली विभाग या अर्थी नाही. ही पद्धती प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील महानगरांभोवती उपनगरे वेगाने पसरली. शेजारी घरे उभी राहिली, की शेतजमिनीची बाजारातील किंमत वाढे आणि त्या किंमतीवर आकारला जाणारा कर शेतीच्या उत्पन्नातून भागत नसे. खताची दुर्गंधी व यंत्रांचा आवाज यांविषयी नव्या रहिवाशांच्या तक्रारीही येत. शेती फार काळ टिकणार नाही, या भावनेने शेतकरी गोठे, जलनिःसारण इत्यादींवर खर्च करीनासे होत. अशा रीतीने जमीन विकली जाण्यापूर्वीच शेती खालावत असे.

प्रारंभीचे उपाय करविषयक होते. मेरिलँडने १९५६ मध्ये शेतजमिनीची करआकारणी प्रत्यक्ष उपयोगानुसार करण्याचे तत्त्व स्वीकारले. कॅलिफोर्नियाच्या विल्यमसन कायद्याने (१९६५) किमान दहा वर्षे जमीन शेतीखाली ठेवण्याचा करार करणाऱ्यांना करसवलत दिली. न्यूयॉर्क राज्याने १९६९ मध्ये कृषिभूमीच्या विकासाचे धोरण संविधानात समाविष्ट केले व १९७१ मध्ये कृषिजिल्हा कायदा केला.

या कायद्यान्वये जमीनमालक काउंटीच्या विधिमंडळाकडे प्रस्ताव सादर करतात. सार्वजनिक सुनावणी व राज्याची मान्यता यांनंतर जिल्हा स्थापन होतो. मूळ कायद्यात दर आठ वर्षांनी त्याच्या फेरतपासणीची तरतूद होती. जिल्ह्यातील पात्र जमिनीवर शेतीमूल्यानुसार कर आकारतात. शेतीस अवाजवी अडथळा आणणारे स्थानिक नियम करण्यावर मर्यादा येतात, तसेच सार्वजनिक कामांसाठी भूसंपादन करण्यापूर्वी त्याचे शेतीवरील परिणाम तपासावे लागतात. व्हर्जिनिया (१९७७), पेनसिल्व्हेनिया (१९८१) इ. राज्यांनीही या धर्तीचे कायदे केले.

तथापि मालकाने स्वेच्छेने जमीन विकल्यास कृषिजिल्हा ती विक्री रोखू शकत नाही. म्हणून लाँग आयलंडवरील सफक काउंटीने १९७४ मध्ये शेतजमिनींवरील बांधकामाचे हक्क मोबदला देऊन विकत घेण्याची योजना स्वीकारली. या योजनेत जमीन मालकाकडेच राहते. मात्र तिच्यावर घरे बांधण्याचा हक्क संपतो. कृषिजिल्हा शेतकऱ्याला बाह्य दडपणापासून संरक्षण देतो, तर हक्कखरेदी जमिनीचा शेतीसाठीचा उपयोग कायम राखते. त्यामुळे हे दोन्ही उपाय परस्परपूरक मानले जातात.